पिंपातल्या पाण्यात निंबोळी तेल टाकलंत, तरी डासांच्या अळ्या वळवळतातच?

ताई, एका रात्रीत अळ्या मेल्या नाहीत म्हणून निराश होऊ नका. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य रॉकेलसारखं गुदमरवत नाही, ते अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणून दोन-चार दिवस थांबावं लागतं. मात्र स्वल्पविरामासारखे वाकडे, काळपट कोष दिसायला लागले असतील तर उशीर झालाय. कोष काही खात नाहीत, ते पाणी सरळ कोरड्या मातीवर ओतून द्या.

तेल नुसतं ओतलं की वर तवंग धरतं. आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब घालून तेल दुधाळ होईपर्यंत घुसळा, मग टाका. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून संध्याकाळी टाका आणि दर आठवड्याला पुन्हा टाका. पिण्याच्या पाण्यात किंवा गप्पी मासे सोडलेल्या हौदात अजिबात नको. तिथे गप्पीच पुरेसे आहेत.

आणि पिंप रिकामं केलंत की आतली कड काथ्याने खसाखसा घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी तिथे चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. माझी पहिली दोन वर्षं हेच न कळल्यामुळे फुकट गेली.