वाचकांचे प्रश्न: लिफ्ट उलटी फिरवून माणसं खाली आणता येतात का?

प्रश्न: नमस्कार सर, आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे पॉवरलूम आहेत. मागच्या हिवाळ्यात फॅमिलीला घेऊन हिमालयात बर्फ बघायला गेलो होतो, तिथं खुर्चीवाल्या लिफ्टमध्ये बसलो आणि थोडं वर गेल्यावर लिफ्ट बंद पडली. खालचं स्टेशन अगदी समोर दिसत होतं, मंडळी घाबरलेली, पोरगं सारखं विचारतंय पप्पा हे मोटर उलटी फिरवून आपल्याला परत का नेत नाहीत. बऱ्याच वेळानं लिफ्ट चालू झाली तरी पुढंच गेली. आमच्याकडं थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, मग तिथं काय अडचण?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: पोराचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर पण सरळ आहे, फिरवता येते. मेंटेनन्सवाले रिकामी लिफ्ट गरजेप्रमाणं मागं घेतातच. पण माणसं बसलेली असताना प्रश्न मोटर फिरवण्याचा राहत नाही, वजन धरून ठेवण्याचा होतो.

जरा हिशोब करून बघा. या लिफ्टचा दोर गोल फिरतो, एका बाजूनं खुर्च्या वर जातात आणि दुसऱ्या बाजूनं खाली येतात. समजा 1200 मीटरची लिफ्ट आहे, चढ 300 मीटरचा, वर जाणाऱ्या बाजूला चार-चार जणांच्या 60 खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. माणशी 80 किलो धरा, 19,200 किलो झाले. रिकाम्या खुर्च्यांचं वजन दोन्ही बाजूला सारखंच म्हणून ते कटून जातं, पण माणसं एकाच बाजूला आहेत आणि त्यांच्यामुळं दोराला खाली ओढणारी ताकद होते जवळजवळ पावणेपाच टन. सेकंदाला अडीच मीटरने वर न्यायचं तर मोटरला साधारण 118 किलोवॅट लागतात. आता हीच लिफ्ट उलटी सोडली की मोटरला ढकलायचं काहीच काम नाही, उलट वजनच मोटरला फिरवायला लागतं आणि तिला ते अडवून धरावं लागतं. चांगला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं पॅनेल, असेल तर तो ही ताकद विजेत बदलून लाइनमध्ये परत देतो नाहीतर रेझिस्टरमध्ये जाळतो, पण लाइटच गेलेली असेल आणि स्टँडबाय डिझेल इंजिनावर काम चाललेलं असेल तर सगळी भिस्त ब्रेकवर येते.

म्हणून ब्रेक एक नसतो. सर्व्हिस ब्रेक मोटरच्या बाजूला, वेगात फिरणाऱ्या शाफ्टवर. गिअरबॉक्स किंवा शाफ्ट तुटला तर तो नुसता तुटक्या टोकाला धरून बसतो, उपयोग शून्य. त्यासाठी दुसरा, इमर्जन्सी ब्रेक, दोर ज्या मोठ्या चाकाभोवती फिरतो त्या चाकालाच थेट पकडतो. आणि बऱ्याच लिफ्टवर तिसरं एक असतं ते तुम्ही रोज बघता, लूमवर कापड गुंडाळताना रोलर मागं फिरू नये म्हणून दात्यांचं चाक आणि त्यात पडणारा खटका असतो ना, तसंच रॅचेट, फक्त अवाढव्य. लिफ्ट मुद्दाम उलटी चालवायची तर हा खटका आधी उचलून ठेवावा लागतो, आणि चाक उलटं फिरल्याबरोबर ब्रेक मारणारा सेन्सर असतो तोही बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे लिफ्ट मागं पळू नये म्हणून जी सोय केली तीच काढून आपण लिफ्ट मागं सोडायची, यातला धोका मला सगळ्यात मोठा वाटतो.

हे सुटलं की काय होतं ते जगानं बघितलंय. 16 मार्च 2018 ला जॉर्जिया देशात गुदाउरीला लिफ्ट मागं पळाली, खालच्या वळणावर माणसं फेकली गेली, खुर्च्या एकमेकींवर आदळून ढीग झाला, मागच्यांनी ते बघून आधीच उड्या टाकल्या, कित्येक जण जखमी झाले. त्याआधी मार्च 2015 मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या शुगरलोफला पण लिफ्ट मागं आली, सात जण जखमी. या दोन्ही ठिकाणी लिफ्ट कोणी ठरवून हळू मागं घेत नव्हतं, ती ताब्यातून सुटली होती. हा फरक लक्षात ठेवा, कारण व्हिडिओ बघून लोकांना वाटतं उलटं म्हणजे अपघातच, तसं नाही.

नीट करायचं तर असं: चढणं पूर्ण बंद, खालचा प्लॅटफॉर्म मोकळा, दोन्ही स्टेशनवर माणूस आणि वायरलेस, इमर्जन्सी ब्रेक आधी लावून तपासलेला, एकाचा हात सतत त्याच्या बटणावर, वेग माणूस सावकाश चालतो त्याहून कमी. आणि खाली आल्यावर पण सोपं नाही. तुम्ही तोंड वर करून बसलेले, खुर्ची पाठीकडून स्टेशनात शिरते, पायात स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, असतील तर त्यांची मागची टोकं बर्फात रुततात आणि गुडघा पिरगळतो. शिवाय चुकून उतरायचं राहिलं तर लिफ्ट आपोआप थांबवणारा स्विच वरच्या टोकाला, खाली नाही. त्यामुळं प्रत्येक खुर्ची थांबवून माणूस उतरवून मगच पुढची घ्यायची, 60 खुर्च्यांना हे कधी होणार?

म्हणून मी म्हणेन, चढल्या चढल्या कोणाचा पट्टा अडकला, पोरगं खुर्चीवरून लोंबकळतंय, तर लगेच थांबवून शिकलेल्या ऑपरेटरने चार-दोन मीटर मागं घेणं ठीक, तेही त्या लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर. भरलेली लाइन असेल तर स्टँडबाय इंजिनवर हळूहळू पुढंच न्यायची, वरचं स्टेशन त्याच कामासाठी बांधलेलं असतं, आणि तेही जमत नसेल तर दोरानं एकेकाला खाली उतरवायचं. तुमच्या ऑपरेटरने वेळ घेऊन पुढं नेलं ते बरोबरच केलं. लिफ्ट नुसती थांबली असेल तर खुर्चीची पुढची आडवी दांडी उचलायची नाही, उडी तर अजिबात नाही.

प्रश्न: रायगडचा रोपवे रोज दोन्ही दिशांना चालतो, मग खुर्चीच्या लिफ्टला का जमत नाही?
— एक वाचक, बार्शी

उत्तर: कारण तो तसाच बनवलेला आहे. तिथं एका बाजूच्या केबिन वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खाली येतात, पोचल्या की थांबून दिशा बदलायची, हेच त्याचं रोजचं काम. ब्रेक, सेन्सर, प्लॅटफॉर्म सगळं दोन्ही दिशांसाठी आहे आणि दोन्हीकडं माणसं असल्यानं वजनही बरंचसं तोललं जातं. खुर्चीची लिफ्ट एकाच दिशेनं गोल फिरत राहते, बर्फावर तर वर भरलेली आणि खाली रिकामी.