रेन ट्रीची गाठ आणि गणपतीचा चौरंग

प्रश्न: आमच्या मुलुंडच्या सोसायटीतलं जुनं रेन ट्री गेल्या आठवड्यातल्या पावसात पडलं. नशीब खाली कोणी नव्हतं. लाकूड उचलायला माणसं आली तेव्हा कमिटीला विचारून खोडावरची मोठी गाठ आम्ही ठेवून घेतली, साधारण दोन फूट रुंद, टोपली उपडी घातल्यासारखी दिसते. आता ती जिन्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीय. सुतार म्हणतो लगेच फळ्या काढा, गणपतीला चौरंग करून देतो. मुलाला रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन) ओतून टीपॉय करायचाय. माझे सासरे चाळीस वर्षं त्याच झाडाखाली पेपर वाचायला बसायचे, त्यामुळे ही गाठ वाया जाऊ द्यायची नाहीये. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते प्लास्टिक काढा, आजच. पावसाळ्यात ओलं लाकूड असं कोंडलं की आठ-दहा दिवसांत बुरशी धरते, आणि रेन ट्रीचा सालीलगतचा फिकट भाग तर फारच लवकर खराब होतो. मग जिथे जिथे करवत लागलीय त्या सगळ्या भागावर फेविकॉलचे दोन जाड हात द्या, किंवा मेणबत्त्या वितळवून मेण लावा, घरात उरलेला ऑइल पेंटही चालेल. साल आहे ती बाजू तशीच राहू दे. कापलेल्या तोंडातून पाणी भराभर उडतं, बाहेरचं लाकूड आकसतं, आतलं अजून ओलं आणि फुगलेलंच असतं, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. मी एकदा शिरीषाची गाठ काही न लावता ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर ठेवली होती, दिवाळीपर्यंत तिला करंगळी जाईल एवढी चीर पडली, ती मिटली नाहीच. अजून वाईट वाटतं.

आता चौरंगाचं. करायचाच, पण या गणपतीला नाही. साध्या फळीत रेषे एका दिशेने धावतात म्हणून ती कुठे आणि किती आकसणार याचा सुताराला अंदाज असतो. गाठीत तसं नसतं. झाडाला कधी मार बसतो, कीड किंवा बुरशी लागते, मग त्या जागचे झोपलेले कोंब जागे होतात पण फांदी काही होत नाही, आणि झाड वर्षानुवर्षं त्यांच्यावरून लाकूड चढवत राहतं, त्यामुळे रेषे भोवऱ्यासारखे फिरतात आणि मधे मधे त्या कोंबांचे बारीक डोळे दिसतात. सौंदर्य सगळं त्यातच आहे आणि त्रासही त्यातच, कारण सुकताना ते चारी दिशांनी ओढतं. ओल्याचा चौरंग केला तर गौरी जाईपर्यंत डुगडुगायला लागेल.

जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा साधा हिशोब धरतात. म्हणजे दीड इंचाची फळी काढलीत तर दीडेक वर्ष, आणि मुंबईचे चार महिने दमट हवेचे, ते धरून मी दोन वर्षं म्हणेन. सुताराला सांगा की गाठ खोडाला जिथे चिकटली होती त्या सपाट बाजूला समांतर कापायची, म्हणजे वरच्या पृष्ठावर डोळे ठिपक्यांसारखे उमटतात, आडवी कापली की नुसत्या रेघा दिसतात. खोडाच्या अगदी मधला गाभ्याचा बिंदू सोबत आला असेल तर तो काढून टाका, चीर बहुतेक तिथूनच सुरू होते. आणि कापायच्या आधी लोहचुंबक फिरवून घ्या, नीट, सगळीकडून. आपल्याकडे झाडांना बोर्ड, लाइटिंगच्या माळा, काय काय ठोकलेलं असतं, नंतर लाकूड त्यावरून वाढतं आणि खिळा आत गडप होतो. कुठे निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असंच समजा.

कापल्यावर फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, वर थोडं वजन ठेवून रचा. एका फळीवर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहा, दर महिन्याला काट्यावर ठेवा. दोन-तीन महिने वजन हललंच नाही की ती सुकली. भोकं पडून बारीक भुसा गळायला लागला तर कीड आहे, लगेच औषध करा.

चौरंगाला फक्त वरचा पाट गाठीचा घ्या, पाय सुक्या सागाचे. गाठीच्या लाकडात लांब रेषे नसतात, पाय पटकन तुटेल. रंध्याने त्याचे टवके निघतात, जुने सुतार काचेच्या तुकड्याने खरवडतात तीच पद्धत इथे बरी.

मुलाला सांगा, ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही, बुडबुडे येतात आणि नंतर सुटतं. सुकल्यावर एखादी पोकळी भरायला हरकत नाही, पण सगळी गाठ काचेत बुडवू नका हो, हाताला लाकूडच लागायला हवं. यंदाच काही हवं असेल तर एका बाजूच्या तुकड्याचा वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, करून घ्या. रेन ट्री सुकताना बाकीच्या लाकडांपेक्षा कमी आकसतं, हवाईत याच झाडाला मंकीपॉड म्हणतात आणि त्याचे वाडगे तिथे प्रसिद्ध आहेत. दहा इंची वाडगा असेल तर भिंत इंचभर जाड ठेवून काही महिने सुकवा, मग परत फिरवून बारीक करा. शेवटी जवसाचं तेल चोळा. खोबरेल नको, ते सुकत नाही आणि खवट होतं.

प्रश्न: आमच्या पार्ल्याच्या बिल्डिंगमधल्या आंब्याला खूप मोठी गाठ आहे. एक शेजारी म्हणतायत ती कापून विकली तर चांगले पैसे येतील आणि झाडालाही बरं. खरं आहे का?

उत्तर: नाही. गाठ झाडाचं काही खात नाही, ती तशीच अंगावर घेऊन झाडं कित्येक वर्षं फळतात. कापलीत तर खोडावर तेवढी मोठी उघडी जखम होते आणि ती भरून यायच्या आत कुजायला लागते. शिवाय शहरातली झाडं १९७५ च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात येतात आणि त्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलंय, महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. खोडावर बुरशीच्या छत्र्या उगवल्या असतील किंवा झाड एका बाजूला कलायला लागलं असेल तर मात्र गाठीकडे बघू नका, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाला लेखी कळवा, आणि अर्जाची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा.