अमेरिकन क्लायंट मीटिंगमध्ये ‘लेट्स पंट ऑन धिस’ म्हणाला. म्हणजे फीचर रद्द झालं का?

रद्द नाही. ‘आत्ता यावर निर्णय नको, पुढे बघू’ एवढाच त्याचा अर्थ.

‘पंट’ हा शब्द अमेरिकन फुटबॉलमधला आहे, आणि तो खेळ कळला की अर्थाची छटाही कळते. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला 10 यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. चौथाही फसला, तर चेंडू जिथे असेल तिथेच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. ती जागा आपल्या गोलजवळ असेल तर धोका मोठा. म्हणून तीन प्रयत्नांत जमलं नाही, की बहुतेक वेळा चौथ्यात पंट करतात: चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीला लागायच्या आत लाथेने लांब उडवायचा. ताबा जातो, पण समोरच्याला बरंच अंतर कापावं लागतं. म्हणजे पंट करणं ही हार नव्हे. मोठं नुकसान टाळायला घेतलेली माघार आहे.

‘पंट इट टू नेक्स्ट क्वार्टर’ म्हणजे पुढच्या तिमाहीवर ढकलू. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना यात काही वावगं नाही. ‘द कमिटी पंटेड’ असं दुसऱ्याबद्दल म्हटलं, की मात्र तो ठपका असतो: समितीने जबाबदारी टाळली. आपली ‘टोलवाटोलवी’ इथे चपखल बसते. तीही विटीदांडूच्या टोल्याची आठवण करून देणारी.

खरी गफलत होते ती ‘टेक अ पंट ऑन’मुळे. हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन प्रयोग, आणि अर्थ जवळजवळ उलटा: धोका पत्करून करून बघू. हा पंट जुगारातला, म्हणजे पैज. त्याचा लाथेशी संबंध नाही. रिकी पाँटिंगला ‘पंटर’ म्हणतात ते पैजा लावण्याच्या त्याच्या आवडीमुळेच. त्यामुळे लंडनचा क्लायंट ‘लेट्स टेक अ पंट ऑन इट’ म्हणाला, तर काम थांबवू नका. तो होकार आहे.

मीटिंगच्या नोंदीत ‘पंटेड’ लिहू नका, वेगवेगळ्या देशांतले लोक वेगवेगळं वाचतील. ‘डिफर्ड टू’ लिहून पुढे तारीख टाका. तुमच्या क्लायंटने तारीख दिलेली दिसत नाही, तेव्हा आजच मेल करून विचारा: हा विषय पुन्हा कधी घ्यायचा, आणि तोवर सुरू असलेलं काम थांबवायचं का?