‘अँजिओ झालीय’ एवढंच सांगू नका

दादा, तुमचं वाचून राहवलं नाही. वडिलांचं एएफसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यासाठी) पुण्यात ॲब्लेशन (जांघेतून तार घालून हृदयातली बिघाडाची जागा भाजणं) होऊन चार महिने झाले, आता खोकला, धाप, थुंकीत रक्ताची रेघ, आणि कराडला न्यूमोनिया म्हणून दुसऱ्यांदा अँटिबायोटिक चालू. तीन वर्षांपूर्वी सांगलीत आमच्या ह्यांचं अगदी हेच झालं. मी डॉक्टर नाही, फक्त भोगलंय ते सांगते.

छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, “आधी काही ऑपरेशन?” मी म्हटलं, “नाही, फक्त अँजिओ झालीय.” जांघेतून तार घालून जे काही करतात ते आमच्या घरात सगळं अँजिओच. डिस्चार्ज कार्ड कपाटात. एक्स-रेत डाग होता, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू केली. अडीच महिने खाल्ली. वजन उतरलं, धाप वाढतच गेली. शिवाय त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असर कमी होतो, हे नंतर कळलं. त्या दिवसांत रक्ताची गुठळी होऊन लकवा मारला नाही, ही देवाची कृपा.

ॲब्लेशन केलं तिथं मी तीनदा फोन केला. काउंटरवरून दरवेळी एकच, “खोकल्याला फिजिशियन बघतील, तुमची तारीख पुढच्या महिन्यात आहे.” माझं म्हणणं डॉक्टरांपर्यंत गेलंच नाही. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी जुने कागद मागितले आणि काँट्रास्टचा (शिरेतून औषध सोडून काढतात तो) सीटी करायला लावला. फुप्फुसातून हृदयात रक्त आणणाऱ्या डावीकडच्या दोन शिरा आवळल्या होत्या. एएफची ठिणगी बहुतेकदा या शिरांपाशी पडते, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून ॲब्लेशन तिथंच करतात. क्वचित भाजलेल्या जागी व्रण धरून शीर अरुंद होत जाते, रक्त मागं तुंबतं. एकीत स्टेंट बसला. दुसरी तोवर पूर्ण बंद झाली होती. आधी गेलो असतो तर तीही वाचली असती, असं मला वाटतं.

म्हणून उद्याच कार्ड घेऊन जा, ‘पल्मनरी व्हेन स्टेनोसिस असेल का?’ (म्हणजे याच शिरा आवळणं) हे शब्द तसेच विचारा. साध्या इकोत हे नीट दिसत नाही, इको नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. रक्त जास्त पडलं तर थेट कॅज्युअल्टी.

ज्यांचं ॲब्लेशन नुकतंच झालंय त्यांच्यासाठी एक. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, बोबडी वळणं यातलं काहीही झालं तर ॲसिडिटी समजून घशातून दुर्बीण घालू देऊ नका. अन्ननलिका हृदयाला चिकटूनच मागे असते. फार क्वचित दोन्हींच्या मध्ये भोक पडतं, आणि दुर्बिणीची हवा हृदयातून मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा सीटी मागा.

ॲब्लेशन करू नका असं मी म्हणत नाही. ह्यांचे ठोके त्यानंच ताळ्यावर आले.

आणि सीटीला जाण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्या. रिपोर्ट नव्हता म्हणून आमचा अख्खा दिवस बाकावर गेला.