पब क्विझमध्ये, म्हणजे पबमध्ये टेबलाटेबलांत रंगणाऱ्या प्रश्नमंजुषेत, जुन्या टीम्सची आपापसात एवढी खुन्नस असते, नवख्याने तिथे जावं का?

जरूर जा. तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवशी शेजारची दोन टेबलं एकमेकांच्या चुकांवर टाळ्या वाजवत होती, अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालत होती आणि ते बघून बाहेरच्याला इथे जागा नाही असं तुम्हाला वाटलं. मी अशाच एका क्विझला बरीच वर्षं नेमाने जाते. ती दोन टेबलं बहुतेक एकमेकांसाठीच तिथे येत असणार.

मुळात हा प्रकार सुरू झाला तो धंद्यासाठी. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्न्स आणि पोर्टर या जोडीने पबना तयार प्रश्न पुरवायला सुरुवात केली, कारण आठवड्यातल्या कमी गर्दीच्या रात्री टेबलं रिकामी राहायची. मालकाला गिऱ्हाईक हवं होतं. पण तीच माणसं दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच टेबलाला येऊन बसायला लागली की चुरस होणारच.

खरी गंमत पेपर तपासण्यात आहे. बऱ्याच ठिकाणी राउंड संपला की उत्तरपत्रिका शेजारच्या टेबलाकडे द्यायची असते, म्हणजे तुमचा पेपर तुमचाच प्रतिस्पर्धी तपासतो. बरोबर उत्तर खोडून त्याच्यावर चुकीचं लिहिलेलं दिसलं की पलीकडून 'अरेरे' ऐकू येतंच, आणि त्यात सहानुभूती किती हे विचारू नका. नावाचं स्पेलिंग गंडलं असेल तर समोरची टीम आम्हाला पूर्ण गुण देते आणि मग तासभर ते ऐकवते. उपकार ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

एकदा प्रश्न आला, सर्वांत जास्त चंद्र कोणत्या ग्रहाचे? क्विझमास्टरच्या कागदावर 'गुरू' होतं. ते अगदीच खोटं नव्हतं: फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूचे चंद्र ९२ झाले होते आणि शनी ८३ वर होता. पण त्याच वर्षी मे महिन्यात शनी १४५ वर गेला (२०२५ मध्ये तर २७४), आणि क्विझमास्टरचा कागद मधल्या तीन महिन्यांतला. जन्मात एकमेकांचं न ऐकणारी आमची दोन्ही टेबलं एकसाथ उभी राहिली. बिचाऱ्याने शेवटी 'शनी'लाही गुण दिले. मग 'गुरू' लिहिणाऱ्यांचे गुण कापायचे की नाही, यावर आमची पुन्हा जुंपली.

कोणी दोन-तीन आठवडे दिसलं नाही तर आधी चौकशी समोरचीच टीम करते. त्यांचा खेळांचा जाणकार आजारी होता, तर आमच्यातल्या एकाने चित्रांच्या राउंडचा कागद त्याला घरी नेऊन दिला. 'तो नसताना हरवलं तर ते म्हणतील, आमचा माणूस नव्हता,' हे त्याचं स्पष्टीकरण. मी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही.

फोनला मात्र माफी नाही. टोमणे, कुरघोडी, उत्तर मुद्दाम मोठ्याने चुकीचं कुजबुजणं, सगळं चालतं. टेबलाखाली स्क्रीन चमकली की संपलं. त्या टीमशी लोक भांडतही नाहीत, नुसतं बोलणं बंद करतात, आणि ते जास्त लागतं.

एकटे असाल तर क्विझमास्टरला सांगा, कोणाकडे माणूस कमी आहे का बघा म्हणून. जुन्या टीमला बहुधा एका विशिष्ट विषयाचा माणूस हवाच असतो, पोरंसोरं ऐकतात ती गाणी किंवा असंच काहीतरी. चार जण असाल तर स्वतःची टीम काढा. सुरुवातीचे काही आठवडे तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. तळाच्या टीमशी खुन्नस धरून कोणाचं भलं होणार? ज्या दिवशी तुम्ही चौथ्यावरून तिसऱ्यावर याल, त्या दिवशी चौथ्यावर गेलेले तुमच्या टीमच्या नावावरून पहिला विनोद करतील. उलट विनोद तयार ठेवा.

आणि जिंकणाऱ्यांनीच पुढच्या वेळचे प्रश्न काढायचे अशी तिथे पद्धत आहे का, हे आधी विचारून घ्या. असेल तर मी दुसऱ्या क्रमांकासाठी खेळेन.