दुसऱ्यांदा उभं राहताना

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

बेळगाव महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीसाठी तू पाठवलेला परिचयपत्रकाचा मसुदा दोनदा वाचला. मजकूर बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं अर्धं पान तुझं शिक्षण, माहेर-सासर, महिला मंडळ आणि आजोबांनी सीमालढ्यात भोगलेला तुरुंगवास यांत गेलंय. 2021 च्या सप्टेंबरात लोक तुला पहिल्यांदा मत देत होते, तेव्हा हे सांगणं योग्यच होतं. तू कुणाची कोण, एवढीच ओळख तेव्हा होती. आता तुझी पार्श्वभूमी म्हणजे तुझी कारकीर्द. तिच्यावर पत्रकात दोनच ओळी आहेत, आणि त्यात 'वॉर्डाचा सर्वांगीण विकास' सोडून काही नाही. वडगावातली मागावर बसणारी बाई यातून काय समजणार?

आधी महापालिकेच्या कौन्सिल विभागातून सभांची इतिवृत्तं मिळव. सहज मिळाली नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाक. किती सभांना हजर होतीस, कुठल्या विषयावर बोललीस, स्थायी समितीत असताना काय मांडलंस, हे तुझ्या आठवणीतून लिहू नकोस, कागदावरून लिही. एक गोष्ट लोक विसरलेत, ती आवर्जून सांग. निकाल 2021 मध्ये लागला, पण महापौर निवडायला 2023 चा फेब्रुवारी उजाडला. तोवर तुम्ही 58 जण निवडून आलेले होतात, पण सभागृह नव्हतं. सबब म्हणून हे सांगू नकोस. हिशेब कुठून धरायचा ते लोकांना कळावं, एवढ्यासाठी सांग.

मग गल्लीनिहाय हिशेब मांड. झालेलं काम, अर्धवट काम आणि न झालेलं काम. उदाहरणार्थ असं: 'गिरणीपासून मारुती देवळापर्यंतची गटार बांधली, त्यावरच्या चार फरशा फुटल्या आहेत, त्या बदलून घ्यायच्या राहिल्यात. पलीकडच्या बोळात पाण्याच्या पाइपसाठी खोदलेला रस्ता अजून नीट बुजवलेला नाही. तीन वेळा लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे.' न झालेलं लिहिलं की विरोधक त्याचं भांडवल करतील, असं तुझे कार्यकर्ते म्हणतील. करू देत. त्या बोळातली माणसं रोज त्याच खड्ड्यातून जातात, त्यांच्यापासून तू काय लपवणार? पोचपावती दाखवणारा नगरसेवक आमच्या गल्लीत अजून कुणी पाहिलेला नाही. ती दाखवलीस तर पंच मंडळीही तुझ्यासाठी बोलतील.

जे तुझं नाही त्याचं श्रेय घेऊ नकोस. मसुद्यात स्मार्ट सिटीचा रस्ता आहे. बेळगावचं नाव त्या योजनेच्या पहिल्या यादीत 2016 च्या जानेवारीत आलं, तेव्हा तू निवडणुकीत नव्हतीस. शिवाय त्या कामांचे निर्णय वेगळ्या कंपनीकडून झाले. चोवीस तास पाण्याचंही तसंच. शहरातल्या दहा वॉर्डांत ते 2008 च्या सुमारास सुरू झालं. बाकीच्या शहराची योजना राज्याच्या यंत्रणेकडून ठेकेदाराकडे गेली. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी तुझ्या वॉर्डात केव्हा येईल ते तू ठरवू शकत नाहीस. पण वॉल्व केव्हा उघडतो ते गल्लीत आधी कळवणं, गळतीची तक्रार नोंदवून तिचा पाठपुरावा करणं, हे तुझ्या हातात आहे. आश्वासन द्यायचंच तर एवढंच दे.

तुझ्या प्राधान्यक्रमात चौदा मुद्दे आहेत. मी असतो तर तीन ठेवले असते. पावसाळ्याआधी गटारी आणि नाल्यांची सफाई पहिली. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर-वडगावच्या शिवारात भात कुजतं. नाल्याचं मोठं काम तुझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, पण वॉर्डातून त्यात जाणारा प्लॅस्टिकचा कचरा तू थांबवू शकतेस. दुसरा मुद्दा सार्वजनिक विहिरींचा. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर अजून आहे, आणि आपल्या वॉर्डातली विहीर मात्र निर्माल्याने भरलीय. तिचा गाळ काढून वर जाळी बसवायला फार मोठा निधी लागणार नाही. तिसरा मुद्दा वॉर्ड समितीचा. कायद्यात तिची तरतूद आहे. ती खरोखर बसव, आणि बैठकीची तारीख देवळाच्या फळ्यावर लिहीत जा.

भाषेचा विषय तू टाळलायस, ते मला पटलं नाही. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि 2005 साली आपली महापालिका बरखास्त झाली ती महाराष्ट्रात जाण्याच्या ठरावानंतरच. तुझ्या घरातून माणूस तुरुंगात गेलाय, तेव्हा तुझी निष्ठा कुणी विचारणार नाही. पण लोकांना कन्नडमधली घरपट्टीची नोटीस वाचता येत नाही, हा रोजचा त्रास आहे. 15 टक्क्यांवर अल्पभाषिक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, ही मागणी सभेत लेखी मांड आणि पत्रकातही लिही. ते होईपर्यंत दर एप्रिलला एक मुलगा बसव, जो म्हाताऱ्यांना चलन भरून देईल. त्या महिन्यात भरलं तर पाच टक्के सूट असते, आणि निव्वळ कागद कळला नाही म्हणून कितीतरी घरांची ती बुडते. आणि आपल्या वॉर्डात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरंही आहेत. त्यांच्यासाठी पत्रकाची त्यांच्या भाषेतली प्रत काढ. गटार सगळ्यांच्याच दारातून वाहते.

आता जरा नाजूक बोलतो, रागावू नकोस. पत्रकावर संपर्कासाठी तुझ्या यजमानांचा नंबर आहे. ते मनापासून राबतात, गल्लीला ते ठाऊक आहे. पण निवडून तू आलीस, सही तुझी चालते, सभेत उत्तर तुला द्यावं लागतं. तिथे तुझाच नंबर हवा. आरक्षण फिरून वॉर्ड सर्वसाधारण झाला तर 'आता साहेबांना उभं करा' असं म्हणणारे दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात येतील. सर्वसाधारण जागेवर बाईलाही उभं राहता येतं. घरात हे आत्ताच बोलून ठेव.

प्रतिज्ञापत्रातली मालमत्तेची माहिती सीएकडून तपासून घे. यजमानांच्या नावावरचा प्लॉट राहिला वगैरे प्रकार नकोत. महापालिकेच्या गाळ्यात किंवा कंत्राटात जवळच्या कुणाचा हात असेल तर अर्ज भरण्याआधीच वकिलाला विचार.

नवा मसुदा हातानेच लिही, टाइप करायची घाई करू नकोस. रविवारी सकाळी घेऊन ये. गल्लीनिहाय यादी आधी तयार ठेव, म्हणजे दोघं मिळून एकेक काम जागेवर जाऊन बघू आणि मगच छापायला देऊ.

तुझा,
काका