स्टार वॉर्सचे चित्रपट, मालिका, कादंबऱ्या, कॉमिक्स आणि गेम कोणत्या क्रमाने घ्यावेत?

स्टार वॉर्सची कथा ज्या क्रमाने घडते, त्याच क्रमाने सगळं पाहायचं-वाचायचं तर सुरुवात कुठून करावी आणि पुस्तकं, कॉमिक्स, गेम त्यात धरावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत आधीच सांगते. पहिल्या खेपेला कथेतल्या वर्षांचा क्रम धरू नका. जे ज्या साली आलं, त्या क्रमाने बघा.

या विश्वातली वर्षं यावीनच्या लढाईपासून मोजतात. १९७७ च्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी डेथ स्टार हे साम्राज्याचं महाकाय अवकाशस्थानक उद्ध्वस्त होतं, ती ही लढाई. तिच्या आधीची वर्षं बीबीवाय, नंतरची एबीवाय. त्या हिशेबाने 'द फँटम मेनस' ३२ बीबीवायमध्ये, 'रिव्हेंज ऑफ द सिथ' १९ बीबीवायमध्ये, 'रिटर्न ऑफ द जेडाय' ४ एबीवायमध्ये आणि 'द फोर्स अवेकन्स' ३४ एबीवायमध्ये घडतो. आता 'अँडॉर' मालिका बघा. पहिल्याच भागात पडद्यावर 'बीबीवाय ५' अशी पाटी येते. त्या घडीला त्या जगात कुणालाच माहीत नसतं की पाच वर्षांनी यावीनला काय होणार आहे. म्हणजे ती तारीख पात्रांसाठी नाहीच, ती आपल्यासाठी आहे, आणि आपण १९७७ चा चित्रपट पाहिलेला आहे असं ती गृहीत धरते. नंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक पूर्वकथेचं असंच आहे. आधी काय घडलं हे दाखवताना पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे, यावरच तिचा सगळा परिणाम उभा असतो.

एपिसोडच्या आकड्यांवरही फार जाऊ नका. पहिला चित्रपट आला तेव्हा त्याच्यावर 'एपिसोड ४' असं काही नव्हतं. ते आणि 'अ न्यू होप' हे नाव १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात सुरुवातीच्या मजकुरात घातलं गेलं. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये एक रहस्य उलगडतं. एपिसोड १, २, ३ आधी पाहिलेत तर ते रहस्य उरतच नाही. तुम्हाला ते अजून कुणी सांगितलं नसेल, तर एवढ्या एका कारणासाठी तरी १९७७, १९८०, १९८३ हे तीन आधी बघा आणि मग १९९९ ते २००५ चे तीन.

मालिकांत सगळ्यात जास्त गोंधळ 'क्लोन वॉर्स'चा. २००८ चा ॲनिमेशनपट आणि त्यानंतरची मालिका मिळून ही एकच गोष्ट आहे, पण पहिल्या काही सीझनचे भाग कथेच्या क्रमाने दाखवलेच गेले नाहीत. अधिकृत कालक्रमात पहिला येतो तो दुसऱ्या सीझनचा सोळावा भाग, त्यानंतर पहिल्या सीझनचा सोळावा, आणि मग कुठे २००८ चा तो चित्रपट. इथे मात्र माझा सल्ला उलटा आहे: हा कालक्रम जरूर पाळा. ही पूर्वकथा म्हणून रचलेली नाही, भाग फक्त मागेपुढे झालेत. २०२० च्या सातव्या सीझनचे शेवटचे चार भाग 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या घटनांना समांतर चालतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या चित्रपटात जे घडलं, तेच त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणाहून दिसतं. मला संपूर्ण स्टार वॉर्समध्ये याहून प्रभावी काही वाटत नाही.

'मँडलोरियन' मालिकेचा दुसरा सीझन संपवून लगेच तिसरा लावू नका. मधे 'द बुक ऑफ बोबा फेट' ही मालिका आहे, आणि तिच्या शेवटच्या भागांत मँडलोरियनच्या कथेतला मोठा टप्पा उरकून घेतलाय. तो न बघता पुढे गेलात तर ग्रोगू, म्हणजे मँडलोरियनचा छोटा साथी, परत कसा आला हे कळणारच नाही. 'अहसोका' ही मालिका 'रेबेल्स' या ॲनिमेशन मालिकेची कथा पुढे नेते, म्हणून तिच्याआधी 'रेबेल्स' बघणं मी तर सक्तीचं मानते.

आता पुस्तकं आणि कॉमिक्स. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं की सहा एपिसोड आणि 'क्लोन वॉर्स' सोडून आधीचं बाकी सगळं 'लेजेंड्स', म्हणजे मुख्य कालक्रमाच्या बाहेर. टिमथी झॉनच्या, थ्रॉन या खलनायकावरच्या १९९१ पासूनच्या कादंबऱ्या त्यात गेल्या. १९९६ चा 'शॅडोज ऑफ द एम्पायर' हा प्रकल्प गेला, ज्यात चित्रपट सोडून कादंबरी, कॉमिक, गेम, संगीत असं सगळं काढलं होतं. कथेत सुमारे ४,००० वर्षं मागे जाणारा २००३ चा 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' हा गेमही गेला. वर्षानुवर्षं हे वाचणाऱ्यांना किती लागलं असेल, ते मी समजू शकते. थ्रॉन मात्र २०१६ मध्ये 'रेबेल्स'मधून नव्या कालक्रमात परतला, २०१७ मध्ये झॉननेच त्याच्यावर पुन्हा कादंबरी लिहिली आणि २०२३ मध्ये तो 'अहसोका'त हाडामांसाचा दिसला.

२०१४ नंतरचं सगळं, मग ते कागदावरचं असो की पडद्यावरचं, सारख्याच वजनाचं आहे असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात जिथे दोन्ही भिडतात तिथे पडदा जिंकतो. के-टू हा रोबो 'अँडॉर'चा नायक कॅसियन याला कसा भेटला, हे २०१७ च्या एका कॉमिकमध्ये येऊन गेलं होतं. 'अँडॉर'च्या दुसऱ्या सीझनने ते पूर्ण वेगळं दाखवलं. 'रेबेल्स'मधल्या केननच्या गुरूचा मृत्यू कॉमिकमध्ये एक तऱ्हेचा, 'बॅड बॅच' मालिकेत दुसऱ्या. अहसोकाच्या २०१६ च्या कादंबरीचंही २०२२ च्या 'टेल्स ऑफ द जेडाय' या मालिकेने असंच केलं. म्हणून कालक्रम पडद्यावरच्या गोष्टींचा लावा आणि पुस्तकं त्याला पुरवणी म्हणून जोडा. दोघांत विसंगती दिसली तर ती तुमच्या समजुतीतली चूक नाही.

उलटंही घडलंय, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'च्या सुरुवातीच्या मजकुरात सम्राट पॅल्पटीनच्या एका संदेशाचा उल्लेख आहे. तो संदेश चित्रपटात ऐकूच येत नाही. काही दिवस आधी तो फोर्टनाइट या गेममधल्या एका कार्यक्रमात ऐकवला होता. कथेचा इतका मोठा धागा दुसऱ्या माध्यमात टाकणं हा तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकावर अन्याय आहे.

गेमपैकी 'जेडाय: फॉलन ऑर्डर' (१४ बीबीवाय) आणि 'जेडाय: सर्व्हायव्हर' (९ बीबीवाय) मुख्य कालक्रमात आहेत, आणि 'रिव्हेंज ऑफ द सिथ' पाहिल्यावर कधीही खेळता येतील.

दुसऱ्या खेपेला मात्र कथेच्या क्रमाने बघाच, निदान एक तुकडा तरी: 'अँडॉर'चे दोन्ही सीझन, लगोलग 'रोग वन' हा २०१६ चा चित्रपट, लगोलग १९७७ चा चित्रपट. 'अँडॉर' जिथे थांबते तिथून 'रोग वन' सुरू होतो, आणि 'रोग वन' संपल्यावर थोड्याच वेळात पहिल्या चित्रपटातलं पहिलं दृश्य घडतं. मधे एक दिवसही जाऊ देऊ नका.